पावण्यांना ‘निघा’ कसं म्हणायचं

जुन्नरहून परत आल्यापासून ओळखीपाळखीची माणसं फोन करून विचारतात, राहिलात कुठे, जागा बरी आहे का. जागा चांगली आहे. मासवडी तर अशी मिळते की आमच्या सोलापूरच्या माणसानेही निमूटपणे मान खाली घालून खावी. पण फोन नंबर द्यायच्या आधी मी त्यांना विचारते, “तुम्हाला वेळेवर निघता येतं का?” लोकांना वाटतं मी नेहमीसारखी टोमणा मारतेय. टोमणे मी मारते, नाही असं नाही, पण हा प्रश्न मी मनापासून विचारते. तो का, हे सांगायचं तर आमच्या तीन दिवसांची हकिकत सांगावी लागेल.

शुक्रवार, माणिकडोहच्या अलीकडे

जुन्नर गाव मागे टाकून धरणाच्या दिशेने वळलं की रस्ता बारीक होतो. दोन्ही अंगांना द्राक्षाचे मांडव, मध्येच ऊस, आणि शेताच्या बांधावर काढून ठेवलेल्या कांद्याचे ढीग. चैत्राचं ऊन होतं, पण सोलापूरच्या उन्हापुढे हे म्हणजे लेकरासारखं ऊन. मळ्याच्या कडेला पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या, पुढे लांबलचक ओटा आणि ओट्याच्या टोकाला स्वयंपाकघर. मळ्याचे मालक दत्ताभाऊ दोन्ही हात पुढे करून धावत आले.

“या, या! घर तुमचंच हाय!”

हे वाक्य ते प्रत्येकाला म्हणतात, हे मला नंतर कळलं. पण म्हणतात ते खोटं नसतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

दत्ताभाऊंची बायको मंदाताई. पंचेचाळिशीची, किडकिडीत, हाताला उसंत नाही. तिचं हसू मात्र मला पहिल्यापासून खटकलं. चहा ठेवताना हसली, पाणी देताना हसली, खोलीचा बल्ब गेला म्हणून सांगितलं तेव्हाही हसली. मी तोंडाची फटकळ. विचारलंच, “अहो, बल्ब गेला यात हसण्यासारखं काय आहे?”

ती जरा गोरीमोरी झाली. मग म्हणाली, “सवय झालीय ताई. मागं एका पावण्यानं एकच स्टार दिला व्हता. खाली लिवलं व्हतं, मालकीण हसत न्हाई. त्या दिवशी मला ताप व्हता. पन मालक तवापासनं म्हंत्यात, मंदे, काय बी व्हऊंदे, हसत ऱ्हा.”

मी खो खो हसले आणि मग मलाच कसंतरी झालं.

संध्याकाळी बाजरीची गरम भाकरी, मटकीची उसळ आणि ठेचा. आमच्याकडे ज्वारीची भाकरी कडक करून महिनाभर ठेवतात, प्रवासात हातोडीने फोडावी लागते असं हे म्हणतात. हे म्हणजे आमचे यजमान, निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकाचा नाद लागलेले. इथली भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती, आणि आणणारी बाई उपाशी दिसत होती.

“बसा की आमच्याबरोबर,” मी म्हटलं.

“न्हाई ताई. पावण्यांच्या आधी आमी जेवत न्हाई. सासूबाईंनी घालून दिलेलं हाय.”

“अहो, पण तुमच्याकडे पाहुणे रोजचेच.”

“मंग मी बी रोज मागनंच,” म्हणाली आणि पुन्हा हसली. “शनवारी-रविवारी तर कवा जेवले ते माझं मलाच आठवत न्हाई.”

आमच्याकडेही पाहुण्याला आधी वाढतात. पण आमचा पाहुणा वर्षाकाठी दोन-चारदा येतो आणि बाईने हळद-कुंकवाचा करंडा बाहेर आणला की उमजून उठतो. पाहुण्याला ‘निघा’ म्हणायचं नसतं, म्हणून तर तो करंडा. मंदाताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आमच्यात बी तसंच. कुकू लावलं की पावणं निघालं.”

आवराआवर करताना तिने रविवारचं सांगितलं. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यात, पूर्वेला, लोणीच्या बाजूच्या एका वस्तीवर. रविवारी तिथे यात्रा आणि बैलगाड्याची शर्यत. भावाचा गाडा पळणार. त्यांच्या घरात एक पद्धत: गाडा घाटात उतरवायच्या आधी, म्हणजे शर्यतीच्या त्या उताराच्या रस्त्यावर न्यायच्या आधी, घरच्या लेकीने बैलांना कुंकू लावायचं. खोल्या सुरू झाल्यापासून मंदाताईला जमलं नव्हतं. यात्रा नेमकी सुट्टीच्या दिवशी यायची आणि सुट्टीच्या दिवशी पाहुणे. इतकी वर्षं भावजयीने कुंकू लावलं आणि भावाने चालवून घेतलं.

“पन यंदा पाखऱ्याची शेवटची बारी हाय,” ती म्हणाली. पाखऱ्या तिच्या भावाचा बैल, आता उतरतीला लागलेला. बारी म्हणजे त्याची पळायची पाळी. “वासरू व्हता तवा माझ्या हातनं दूध प्यायलाय त्यो. तवा त्याच्यासाठीच म्हायेरी जायचे मी. दादा म्हनला, मंदे, यंदा तुझ्या हातचं कुकू लागल्याबगर मी त्याला घाटात उतरवत न्हाई. मंग बारी गेली तरी चालंल. लई हेकट हाय त्यो. म्हनला म्हंजी तसंच करनार.”

“मग जाणार ना?”

“जानार तर! रविवारी पावणं नाष्टा करून निघनार हायेत. मग आमी दोघं पिकअप घेऊन जानार. मालकांनी शब्द दिलाय.”

हे सांगताना ती हसली नाही, तिचा चेहरा नुसता उजळला. तिचं खरं हसू हे, असं मला वाटलं.

शनिवार, लेण्याद्री

सकाळी लेण्याद्रीला गेलो. पायऱ्या चढताना दत्ताभाऊंची सूचना यांच्या लक्षात होती, माकडांपासून सांभाळा. पण ती त्यांनी पिशवीपुरतीच घेतली. गणपतीच्या दारापाशी वाकून नमस्कार केला, मान वर केली आणि चष्मा गायब. कठड्यावर बसून माकड तो चाटून बघत होतं. फुटाणे दाखवले, चणे टाकले, एका पुजाऱ्याने हातवारे केले. शेवटी माकडाने चष्मा दरीत टाकला आणि फुटाणेही नेले. “गणपतीपुढे सगळं लक्ष पिशवीकडे ठेवलंत, त्याची शिक्षा,” मी म्हटलं. यांना हसू आलं नाही. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस धुक्यात दिसल्यासारखा दिसतो, त्यामुळे उतरताना हात धरून आणावं लागलं आणि गाडी माझ्याकडे आली.

परत आलो तर ओट्यावर पुण्याची मंडळी. ऑफिसातले मित्रमैत्रिणी, दोन गाड्या, आणि त्यांचा म्होरक्या निखिल नावाचा, सतत फोन उंचावून रेंज शोधणारा. दुपारच्या जेवणाला येणार होते, उन्हं कलल्यावर आले. मंदाताईने सगळं पुन्हा गरम केलं. मग भजी. मग एकाला बिनसाखरेचा चहा, एकीला बिनदुधाचा. अंधार पडायच्या बेताला त्यांच्यातली दोघं उसाकडे फिरायला निघाली, तेव्हा दत्ताभाऊ कंदील-काठी घेऊन मागे पळाले. “बिबट्याचं भ्या हाय, पावणं, या वक्ताला उसाकडं जायचं नसतं.” आपण छत्री घ्या म्हणतो त्या सुरात ते बिबट्याचं सांगतात.

मुलं वाईट नव्हती, हे मला आत्ताच सांगितलं पाहिजे. आठवडाभर पिंजून निघालेली होती. त्यातली सायली नावाची एक मुलगी मला म्हणाली, “मावशी, इथे किती शांत वाटतं ना? या लोकांचं आयुष्य किती निवांत आहे.” त्याच वेळी मंदाताई तिच्या मागून पाण्याची बादली घेऊन जवळजवळ पळत गेली. मी जीभ चावली, एवढंच.

रविवार

रविवारी मंदाताई केव्हा उठली कोण जाणे. मी बाहेर आले तेव्हा पोहे तयार, अंगण झाडलेलं, आणि ती अंगावर काठपदराची हिरवी साडी नेसून वर जुनं सुती लुगडं गुंडाळून स्वयंपाक करत होती, डाग पडू नये म्हणून. पिकअप झाडाखाली धुऊन उभी. पोहे खाल्ले की ही मंडळी जाणार, मग मोकळीक.

पोहे झाले, पण मंडळी हलली नाहीत. कुणी ओट्यावर आडवं झालं, कुणी पत्ते काढले. ऊन अंगणात उतरलं. मंदाताई दर थोड्या वेळाने दारात येऊन बघून जायची. तिचा फोन वाजला, तिने कट केला, पुन्हा वाजला. “व्हय दादा. निघालेच. आत्ता निघतीय.” मग निखिल आळस देत म्हणाला, “काका, चेकआउट थोडं लेट चालेल ना? दुपारी मासवडी खाऊनच निघतो. तेवढ्यासाठी आलोय खरं तर.”

मी दत्ताभाऊंच्या तोंडाकडे बघत होते. शब्द त्यांच्या ओठावर आला होता, तो मला दिसला. पण बाहेर पडलं ते नेहमीचंच. “चालंल की! घर तुमचंच हाय.”

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवलं गेलं. दत्ताभाऊ आत गेले. मी ओट्याच्या टोकाला बसले होते, त्यामुळे ऐकायचं नसतानाही ऐकू आलं.

“तुमी शब्द दिलता.”

“अगं, पावण्यांना निघा कसं म्हनायचं? आपल्या बापजाद्यानं कवा म्हटलंय? आनि वर स्टार... यात्रा काय, पुढल्या वर्षी बी व्हईल.”

“यात्रा व्हईल. पाखऱ्या न्हाई व्हनार.”

 नंतर मंदाताई बाहेर आली. वरचं लुगडं सोडलेलं, हिरवी साडी, डोक्यावर पदर आणि हातात करंडा.  नवऱ्याने ‘थांबा’ म्हटलेल्या पाहुण्यांपुढे करंडा आणायचा, असं मी तरी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिने एकेका मुलीपुढे वाकून हळद-कुंकू लावलं, हातावर खडीसाखर ठेवली. 

सायली मोहरून गेली. “किती गोड! काकू, परत एकदा लावा ना, मी व्हिडिओ काढते.”

मंदाताईने परत एकदा लावलं. हसून. मंडळींनी खडीसाखर चघळली आणि पत्ते पुन्हा वाटले.

ती आत गेली. मी मागोमाग गेले तर चुलीशी बसून ती तीळ भाजत होती. मासवडीच्या सारणाचे तीळ. रडत नव्हती, तीळ करपत होते आणि ती नुसती हलवत होती. फोन वाजत होता. मला इतका संताप आला की मी कुणावर संतापलेय हेही मला कळेना. दत्ताभाऊंवर, त्या मुलांवर, की घर तुमचंच म्हटल्यावर ते खरं मानणाऱ्या आपल्या सगळ्या पाहुणेजातीवर.

मी बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिले. “पोरांनो, कुंकू लावलं म्हणजे काय ते माहीत आहे?”

“म्हणजे... स्वागत?” सायली म्हणाली.

“म्हणजे निघा.”

पत्ते थांबले. मग मी सगळं सांगितलं, भाऊ, बैल, बारी, सगळं. सायलीचा हात कपाळाकडे गेला. “पण मग सांगायचं ना! आम्ही लगेच निघालो असतो.”

“सांगता येत नाही म्हणूनच लावतात.”

निखिलचा चेहरा उतरला नाही, चढला. “काकांनी चालेल म्हटलंय. आम्ही विचारलं होतं. आता आम्हाला हाकलताय का?”

दत्ताभाऊ दारात उभे. घाम फुटलेला. “ताई,” ते मला म्हणाले, “तुमी पावण्या हाय म्हनून बोलत न्हाई. पन माझ्या दारातनं आजवर कुनी उपाशी गेलं न्हाई वो.”  त्या क्षणी मला त्यांचीही दया आली. त्यांना खरोखर दुसरं काही येत नव्हतं.

आणि तेव्हा आमचे हे उठले. चष्मा नाही, त्यामुळे खांबाला धरून. “मासवडी मला येत नाही. पण मासवडीचं निम्मं काम म्हणजे पिठलंच की. ते मला येतं. दत्ताभाऊ, बेसन कुठंय ते फक्त हातात द्या. ज्याला थांबायचंय तो पिठलं खाईल. मंदाताई, तुम्ही हिच्याबरोबर निघा.”

तेहेतीस कोटी देवांसमोर यांना मी यजमान म्हणत आले, पण तो शब्द खरा झालेला त्या दिवशी पाहिला.

मंदाताई दारात आली. नवऱ्याकडे बघत राहिली.  शेवटी त्याने भिंतीवरची पिशवी काढून तिच्या हातात दिली, तिच्यात भावासाठी बांधलेली द्राक्षं होती. “सावकाश जा,” एवढंच म्हणाला. ती करंडा घेऊन माझ्या गाडीत बसली.

लोणीकडे

रस्त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण मी रस्ता सोडून काही पाहिलंच नाही. नारायणगावात बाजाराची गर्दी, पुढे हायवेला कांद्याचे ट्रॅक्टर मागे ट्रॉलीचं शेपूट लावून चाललेले. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मंचरहून पूर्वेला वळलो तसा मुलूख बदलला, हिरवं मागे राहिलं, माळ सुरू झाले. मंदाताईच्या फोनमधून लाऊडस्पीकरचा आवाज ऐकू यायचा, हलगी, आणि मध्येच भाऊ ओरडून सांगायचा, “आमच्या पुढं चार गाडं ऱ्हायल्यात!” मग, “दोन ऱ्हायल्यात, कुठं हायेस?”

मी सोलापूरहून आणलेला शेंगापोळीचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. “खा. सकाळपासून पोटात काही नाही.”

“तिकडं पावणं...”

“तिकडे माझा नवरा आहे. खा.”

तिने एक घास घेतला आणि खिडकीकडे तोंड वळवलं. “पावण्यांच्या आधी जेवतेय,” ती म्हणाली. हे ती मला सांगत होती की सासूबाईंना, कळलं नाही. पोळी मात्र पूर्ण संपवली.

फोन पुन्हा वाजला तेव्हा भाऊ ओरडत नव्हता. “मंदे, नाव पुकारलं. पुन्यांदा पुकारलं. मी न्हाई गेलो. ये तू सावकाश, गाडी हळू चालवाया सांग.”

मी गाडी हळू केली नाही. उगाच पळवत राहिले, जणू वेळ मागे घेता येणार होती.

पोहोचलो तर घाटात दुसऱ्यांचे गाडे पळत होते, धुरळा आणि भंडारा एकत्र उडत होता, माणसं ओरडत होती. हे सगळं सोडून कडेच्या लिंबाखाली एक माणूस बैलांचे दोर धरून बसलेला. पांढरी टोपी, तोंडावर धुळीचा थर. त्याच्या शेजारी पाखऱ्या, शिंगांना गोंडे, पाठीवर झूल, सगळा नटलेला आणि न पळालेला. मंदाताई तिथपर्यंत चालत गेली आणि बैलाच्या गळ्यात हात घालून इतकी रडली की पाहणारी माणसं बाजूला झाली. मीही रडले. रडायला मला फारसं कारण लागत नाही, पण त्या दिवशी होतं.

“दादा, माझ्यामुळं...”

“गप. पळाला असता तर कायतरी नंबर आला असता, न्हाई तर न्हाई. आता कुनी पाखऱ्याला हारला म्हननार न्हाई.” भावाने नाक पुसलं. “लाव कुकू.”

तिने करंडा उघडला आणि पाखऱ्याच्या कपाळावर कुंकू लावलं. बैलाने मान हलवली आणि घाटाकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार, आता निघायचं.

वस्तीवर जेवणं झाली, पुरणपोळी आणि गुळवणी. भाऊ-बहीण एका ताटात जेवले. उन्हं उतरल्यावर दत्ताभाऊंचा फोन आला, तिने स्पीकरवर टाकला. “तीन-चार जन पिठलं खाऊन गेली. ती सायली हात धरून माफी मागत व्हती. बाकीची रागानं गेली, उपाशी. स्टार काय देत्यात कुनाला ठावं. तू कवा येतीस? उद्या नवीन पावणं हायेत.”

“तापात एक मिळाला व्हता,” मंदाताई म्हणाली, “म्हायेरापायी आनि एक मिळाला तर मिळूंद्या. उद्याच्यास्नी सांगा, मालकीन म्हायेरी गेलीय. परवा यील.”

“पावणं काय म्हनतील?”

“म्हनूंद्या.”

 मग दत्ताभाऊंनी विचारलं, “जेवलीस का?”

“जेवले,” ती म्हणाली. “वाढल्या वाढल्या.”

भावजय बाहेर आली ती करंडा घेऊनच. बिचारीला वाटलं, आलेली नणंद आता माझ्याबरोबर परत निघणार. मंदाताईने तिच्या हातून करंडा काढून घेतला, झाकण लावलं आणि मांडीवर ठेवला. मी शेजारच्या बाजेवर पाय पसरून बसले होते. गार वारा सुटला होता, पाखऱ्या गोठ्यात कडबा खात होता, भाऊ काहीतरी जुनी गोष्ट सांगायला सरसावून बसला होता. मला वाटलं, अजून तासभर बसावं. इतकं निवांत कुठे मिळतं.

मंदाताईने करंड्याचं झाकण पुन्हा काढलं. उठली, माझ्यापुढे वाकली आणि माझ्या कपाळाला नीट, ठसठशीत कुंकू लावलं.  मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

“निघा आता, ताई,” ती म्हणाली. “मला दादाशी बोलायचंय.”

मी चप्पल घातली आणि निघाले.